परड्यातली फरशी

हरिबाने पहार डोक्याच्या वर उचलून मारली. ती वीतभर रुतली आणि तशीच उभी राहिली. हलवून हलवून त्याने ती बाहेर ओढली, टोकाला चिकटलेली काळी माती बोटांनी निपटून काढली, तिची गोळी वळली आणि तळहातावर ठेवून सुभेदारांच्या पुढ्यात धरली.

“बगा. लोन्यावानी हाय.”

“आरं, सोन्यावानी म्हन,” सुभेदार म्हणाले. “एकरी सत्तर टन ऊस निघतोय ह्या मातीत.”

“उसाला सोनंच हाय. फरशीला इख.”

सुभेदारांना हे आवडलं नाही. नानासो सुभेदार अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. इस्लामपूरच्या पुढे कृष्णाकाठी त्यांची सहा एकर जमीन होती आणि तिला कुणी वाईट म्हटलं की पलटणीला वाईट म्हटल्यासारखं त्यांना लागे. पण हरिबाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सांगलीपासून वर वाईपर्यंत फरशी टाकणारे पुष्कळ होते. फरशीच्या खाली काय घालायचं हे कळणारा हरिबा एकच, असं लोक म्हणत. त्या लोकांत हरिबाही आला. हा माणूस कुणाकडे चहाला गेला तरी आधी टाचेने सोप्यातली फरशी ठोकून ती पोकळ वाजते का बघणार आणि मगच टेकणार. एकदा पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत, भर पानसुपारीत, मुलाच्या घराचा उंबरा एका बाजूला खचलाय हे त्याने सांगून टाकलं होतं. सोयरीक मोडली. हरिबाला त्याचं काही वाटलं नव्हतं. खचला होता तो खचला होता.

मागच्या दाराच्या पायरीवर बसून बनुबाई हे सगळं ऐकत होती. ती सुभेदारांची बायको आणि हरिबाची गावबहीण. दोघांचं गाव एकच, घरंही एका आळीतली. तिचं लग्न झालं तेव्हा हरिबा आठ-नऊ वर्षांचा होता आणि वऱ्हाडाच्या गाडीमागे रडत वेशीपर्यंत पळत गेला होता, असं ती सांगायची. हरिबाला ते आठवत नव्हतं. पण आक्का सांगते म्हणजे पळाला असेल.

फरशी तिलाच पाहिजे होती. परड्यात सीताफळ आणि दोन पेरू यांच्या मधे जी मोकळी जागा होती तिथे, चार खाटा मावतील एवढी. झाडं सगळी तिनेच लावलेली. पावसाळ्यात मात्र त्या झाडांपर्यंत जायचं तर चप्पल हातात घ्यावी लागे.

“हरिबा, पाडव्याला हुईल का?” तिने विचारलं.

“कुठल्या पाडव्याला? ह्या?” हरिबा हसला. “आक्का, महिन्यावर आला की पाडवा.”

“फरशी टाकाय किती दिस लागत्यात?”

“टाकाय दोन दिस.”

“मग?”

“टाकायचं सोपं आसतं. खालचं अवगड.”

सुभेदारांचा पुतण्या म्हणत होता, थेट मातीवर चार बोटं काँक्रीट ओता आणि वर फरशी चिकटवा, आठवड्यात काम खलास. हरिबाने ते ऐकून नुसतं नाक मुरडलं. मग पायाने जमिनीवर रेघ ओढत तो सांगू लागला. सांगायला लागला की तो गवंडी राहत नसे, वैद्य होई. ही काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. वर काहीही ठेवा, ती ते वर-खाली करणारच. काँक्रीट तडकतं, वाळू वाहून जाते. तेव्हा दोन फूट काळी काढून टाकायची. खाली डबर, म्हणजे मोठे दगड, रचायचा. वर डोंगराकडचा तांबडा मुरूम, वीतवीतभर थर देत, पाणी मारत, ठोकत यायचं. आणि मग हात लावायचा नाही. त्या भरावाला एक पावसाळा खाऊ द्यायचा. पाणी मुरून जो काय दबायचा तो दबला, की फरशी टाकायची. मग ती नातवंडांना पुरते.

“म्हंजे कवा?”

“दिवाळी झाल्यावर.”

“दिवाळी,” बनुबाई म्हणाली. लांबच्या गावाचं नाव घ्यावं तसं ती म्हणाली.

“पक्कं व्हऊंदे की,” सुभेदार म्हणाले. “इतकी वरसं गेली, सा-आट महिन्यानं काय हुतंय.”

बनुबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग पदराने तोंड पुसलं.

“आक्का, वाळलीस गं लय,” जाता जाता हरिबा म्हणाला.

“उनाचं. जेवान जाईना,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. हरिबाला वाटलं, खरंच ऊन लवकर पडायला लागलंय औंदा.

हरिबा असा कडवा झाला त्याला कारण होतं. दहा-बारा वर्षांमागे सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याने त्याला बंगल्यामागच्या बागेत फरशी टाकायला बोलावलं. घरात मुलीचं लग्न, आठवड्यात काम पाहिजे. हरिबा नको नको म्हणत होता, पण शेवटी मऊ पडला आणि काळ्यावरच वाळू पसरून त्याने फरशी टाकून दिली. पहिला पावसाळा गेला आणि मधला भाग बशीसारखा खाली बसला. व्यापाऱ्याने निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं. तिथे चार पाहुणे होते, दुसऱ्या कामावरचे दोन गवंडी होते. सगळ्यांसमोर व्यापाऱ्याने भरलेली घागर फरशीवर ओतली. पाणी पळत पळत मधे जाऊन थांबलं.

“काय हरिबा, म्हशी बसवू का ह्यात?”

सगळे हसले. त्यातला एक गवंडी जरा जास्तच हसला. हरिबाने पदरच्या खर्चाने ती फरशी उचलून परत बसवली, पण तो हशा काही त्याच्या कानातून गेला नाही. तेव्हापासून कुणी कितीही घाई करो, मुरूम पावसाळा खाल्ल्याशिवाय हरिबा फरशीला हात लावत नसे. ही गोष्ट तो नव्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचा. त्या बागेत लग्न मात्र झकास पार पडलं होतं, पंगती त्याच फरशीवर उठल्या होत्या, हे तो कधी सांगत नसे.

शिमग्याच्या आधी काम सुरू झालं. दोन गड्यांनी खोदून काळी काढली, ती सुभेदारांनी उसात नेऊन टाकली. डबर आला, मुरमाच्या चार ट्रॉल्या आल्या. शहाबादी फरश्याही सुभेदारांनी हौसेने आताच आणून भिंतीला टेकवून ठेवल्या. मुरूम ठोकायचं काम हरिबा गड्यांकडे देत नसे. लाकडी दांड्याचा जड लोखंडी धुमस घेऊन तो स्वतः उभा राही आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकत जाई. दाण दाण आवाज होई. पेरूवरची पाखरं पहिल्या दिवशी उडाली, दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही सवय झाली.

बनुबाई पायरीवर बसून बघायची. चहा तिची सून दीपमाला आणून द्यायची. दीपमालाचा नवरा वीरधवलही फौजेत होता, तिकडे सीमेवर.

“तुला ह्यो नाद कुटनं लागला गं आक्का?” हरिबाने घाम पुसत विचारलं. “बागंत फरशी! आपल्यात कोन करतंय असलं?”

“जबलपूरला,” बनुबाई म्हणाली आणि एकदम तरतरीत झाली. “दोन वरसं क्वाटर मिळालं हुतं आमाला. तारंच्या पल्याड मेजरसायबाचा बंगला. मागं बाग, बागंत फरशी. रोज सकाळी त्येंची मेमसाब कप घिऊन बसायची आन मेजरसायब पेपर वाचत बसायचा. दोगं बी काय बोलायची न्हाईत. नुसती बसायची. मी कापडं वाळत घालता घालता बगायची. मनात म्हनायची, म्हातारपनी आपुन बी असं बसायचं.”

“आन बसलीस?”

“कवा बसनार! मला गावी आनून सोडलं आन ह्ये गेलं परत. मी हितं उसाला पानी पाजाय रातचं गुडगाभर चिखलात. रिटायर हुन आलं, तर सोसायटीची मिटिंग, कारखान्याची सबा. आता कुटं घरात बसाय लागल्यात, तर बसाय जागा न्हाई.”

हे सगळं ती हसत सांगत होती. मग म्हणाली, “हरिबा, एक कर. ह्या मुरमावर बारीक कच टाक आन फरश्या वर नुसत्या मांडून दे. सिमिट नको, काय नको. पावसाळ्यानं खचल्या तर खचू देत. दिवाळीला उचल आन परत बसव.”

हरिबाचा धुमस थांबला.

होण्यासारखं होतं. फरश्या भिंतीला टेकून उभ्याच होत्या. दोन दिवसांचं काम. फार तर पावसाळ्यात चार फरश्या हलल्या असत्या, कोपरे वर आले असते. हरिबाला हे सगळं त्या क्षणी समजलं होतं. समजलं नव्हतं असं तो पुढे स्वतःलासुद्धा सांगू शकला नाही.

“न्हाई गं आक्का,” तो म्हणाला. “लोक बगून म्हनतील, ही फरशी हरिबानं टाकलीया.”

“माज्या परड्यात लोक कशाला येत्यात?”

“येत्यात. काम चांगलं आसलं तर येत न्हाईत. खचल्यालं बगाय लय लांबनं येत्यात.”

बनुबाई हसली. पुन्हा म्हणून तिने विचारलं नाही. “बरं बाबा. तू म्हनशील तसं.”

चौथ्या दिवशी भराव जमिनीच्या बरोबरीला आला. हरिबाने भोवतीने बाभळीच्या काट्या लावल्या आणि तिला बजावून सांगितलं, “ह्यावर मानूस न्हाई, जनावर न्हाई. खुर्ची टाकू नगं, पाय रुततील. मिरग पडोस्तर रोज सांजचं पाइपनं पानी मारायचं, एक दिस चुकवायचं न्हाई. तुज्यावर सोडतोय हे.”

“नगं काळजी करूस,” ती म्हणाली.

पाडवा आला आणि गेला. हरिबाची कामं चालू होती. एक सांगलीत, एक आष्ट्याला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो एका घराच्या गच्चीवर असताना फोन वाजला.

“हरिबामामा, दीपमाला बोलतीया.”

“बोल गं. भराव कसा हाय?”

“बरा हाय. आत्या इचारत्यात, फरशी जरा आदी न्हाई का व्हनार?”

“आता? आगं, मिरग तोंडावर आलाय. आता टाकून सगळं वाया जाईल. एवडं थांबलासा, आता चार-पाच महिन्यासाठी…”

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज आला.

“का गं पोरी? काय झालंय का?”

“न्हाई… काय न्हाई. त्या नुसत्या इचारत व्हत्या.”

मागून बनुबाईचा आवाज आला, “ठेव गं फोन. कामाच्या मानसाला कशाला तरास.” आवाज बारीक झाला होता, धाप लागल्यासारखा. हरिबाने तो ऐकला. फोन परत लावावा असं त्याच्या मनात आलंही. पण खाली गडी माल कालवून उभे होते, सिमेंट वाळत होतं. रात्री लावू, असं तो म्हणाला आणि रात्री विसरला.

ऑगस्टमध्ये तो वाईला होता. घाटाजवळच्या एका घराच्या आतल्या चौकात फरशी बसवायचं काम होतं. वर पत्रे घातलेले, म्हणून पावसातही चालू होतं. कृष्णा दोन्ही काठ धरून वाहत होती. चार दिवस त्याचा फोन बंद पडला होता. नवा चार्जर घेऊन त्याने तो सुरू केला तेव्हा गावाकडून येऊन गेलेल्या सात-आठ कॉलचे मेसेज दिसले. त्याने चुलतभावाला फोन लावला.

“बनुआक्का गेली,” चुलतभाऊ म्हणाला. “परवाच्या दिवशी. मी जाऊन आलो माहेरची साडी घिऊन. तू कुटं मेला हुतास?”

“कशानं गेली?”

“पोटात कॅन्सर. जानेवारीतच मिरजंला कळलं हुतं म्हनं. कुनाला बोलू दिलं न्हाई तिनं. लोक बगाय येत्यात, हातात केळी घिऊन बसत्यात, ते नगं म्हनली.”

जानेवारी. हरिबाने पहार मारून मातीची गोळी दाखवली ती फेब्रुवारीत.

त्या दिवशी रस्त्यावर पुराचं पाणी होतं, जाता येत नव्हतं. ते खरंच होतं. दहाव्याला मात्र पाणी उतरलं होतं, एसटी सुरू झाली होती. हरिबा सकाळी स्टँडवर जाऊन उभा राहिला. दोन गाड्या त्याच्यासमोरून गेल्या. तिसरी यायच्या आत तो परत कामावर आला आणि गड्यांना म्हणाला, गर्दी लय हुती. गावबहिणीच्या दहाव्याला गेला नाही, हे त्याच्या बायकोने पुढे चारचौघांत बोलून दाखवलं. उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

दिवाळी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा फोन आला. बोलणं दोनच वाक्यांचं.

“हरिबा, पावसाळा खाल्ला तुज्या भरावानं. ये.”

हरिबा गेला. सोप्यात बनुबाईचा फोटो लागला होता. तो कुठल्या तरी ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ती घाबरल्यासारखी दिसत होती, आणि ती तशी कधीच नव्हती. हरिबाने फोटोला हात जोडले. सुभेदार शेजारी उभे होते. ते अंगाने निम्मे झाले होते, पण दाढी रोजच्यासारखी केलेली होती.

परड्यात गवत कमरेएवढं माजलं होतं. मधला तांबडा चौकोन तेवढा स्वच्छ. काट्या कुणीतरी काढून कुंपणाला टाकल्या होत्या. हरिबाने पातळी बघायची पाण्याची नळी काढली, चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि गुडघे टेकून माप घेतलं. मग मधे घेतलं. मग परत कोपऱ्यांना. भराव कुठेही बोटभरसुद्धा दबला नव्हता. चाळीस वर्षांत असा भराव त्याच्या हातून झाला नव्हता, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, हरिबाला बरं वाटलं. त्या क्षणाची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरली.

“न्हाई खचला,” तो म्हणाला.

“कसा खचंल,” दाराशी उभी असलेली दीपमाला म्हणाली. “रोज सांजचं पानी त्याच मारायच्या. मला हात लावू द्यायच्या न्हाईत. शेवटी उबं ऱ्हाता येत न्हवतं, तर ह्या पायरीवर बसून पाइप धरायच्या. म्हनायच्या, हरिबानं माज्यावर सोडलंय.”

हरिबा दोरी गुंडाळू लागला. दोरी गुंडाळायला वेळ लागतो, म्हणून बरं होतं.

“फोन केल्ता तवाच सांगनार हुते मामा,” दीपमाला म्हणाली. “पन त्या समोरच बसल्या हुत्या.” आणि डोळ्याला पदर लावून ती आत गेली.

सुभेदार भरावाच्या कडेला येऊन उभे राहिले.

“पाटंचं गेली,” ते समोर बघत म्हणाले. “आट दिस पाऊस थांबला न्हवता. म्होरल्या अंगनात चिखुल, मागं बी चिखुल. मानसं येऊन हुबी ऱ्हायली, पन आंगूळ कुटं घालायची? पाट ठेवला की पाट रुतायचा. मग पोरांनी ह्या काट्या काडल्या. एवडीच जागा टनक हुती. हितं पाट ठेवला. हितंच बसवली तिला.”

हरिबा भरावाच्या मधोमध उभा होता. त्याने खाली पाहिलं आणि तो हळूच कडेला सरकला, बाहेर गवतात जाऊन उभा राहिला.

“सुभेदार,” तो म्हणाला, “मला नुसतं सांगितलं आसतंसा तर…”

“तिनं शपत घातली हुती. आन मला बी वाटलं, हाय की दिवाळीपतुर. डॉक्टर वरीस म्हनला हुता. मी म्हनलं, काम पक्कं व्हऊंदे.” मग त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “सांगितलं आसतं, तर टाकली आसतीस?”

त्या प्रश्नात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. हरिबाने व्हय म्हणायला तोंड उघडलं. एका शब्दाचं तर उत्तर होतं, आणि ते खरंही असतं. पण आक्काने स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं, ह्याच जागी, फरश्या ह्याच भिंतीला टेकलेल्या असताना. आजारी बाईला फरशी टाकून दिली असती. धडधाकट बहिणीने मागितली तर नाही. तिने मागितली एवढं पुरेसं का नव्हतं? सांगलीतले चार लोक दहा वर्षांपूर्वी हसले, त्यांचं तोंड बंद करायला त्याने हिचे पाच महिने घेतले होते, आणि त्या चौघांना हे परडं कुठे आहे ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

“उद्यापासनं धरतो काम,” तो म्हणाला.

काम दोन दिवसांत झालं. बरोबर दोन दिवस. गडी त्याने आणले नव्हते. कच त्याने एकट्याने पसरली, माल एकट्याने कालवला, फरशी एकट्याने उचलली. प्रत्येक फरशी खाली ठेवताना तो दोन्ही हातांनी सावकाश टेकवायचा, जणू खाली कुणी झोपलंय. सुभेदार पायरीवर बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला शेवटचा सांधा भरला, ओलं पोतं फिरवून त्याने फरशी पुसली आणि तो नळावर जाऊन थापी धुऊ लागला. फरशी सुरेख झाली होती. पाण्याला ढाळ सीताफळाकडे दिला होता, तो डोळ्याला कळतही नव्हता.

दीपमालाने चहाचे दोन कप आणले. सुभेदारांनी चपला पायरीपाशी काढल्या, एक कप उचलला आणि फरशीवर पाय ठेवला.

“आवं सुभेदार!” हरिबा नळावरून ओरडला. “वली हाय! तीन दिस कुनी पाय ठेवायचा न्हाई, फरशी हलंल!”

सुभेदार थांबले नाहीत. ते चालत चालत मधे गेले, एका हाताने गुडघा धरून खाली बसले आणि त्यांनी मांडी घातली. कप समोर ठेवला. उन्हं पेरूच्या आड गेली होती.

“ये, बस,” ते म्हणाले.

“आवं, पन तीन दिस…”

“बस रं हरिबा. कुनीतरी बसाय पायजे.”

हरिबाने हात धोतराला पुसले. दुसरा कप घेतला. जपून, टाचा उचलून तो फरशीवरून चालत गेला आणि सुभेदारांच्या शेजारी बसला. त्याच्या वजनाने खालची फरशी एका कोपऱ्याला केसभर दबली. ते त्याला कळलं. तो उठला नाही.